दहावाली मशीन, पाचवालीचा भाव

शहागंजात कुणालाही विचारा, "विमलबाई गोळ्यावाली कशी फसली हो?" तो हातातलं काम टाकून सांगायला बसेल. सांगताना हसेल, तुम्हाला चहा पाजील, शेजारच्या दुकानदारालाही साक्षीला बोलावील. फक्त मला कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी फसले नव्हते. सौदा मी केला, भाव मी पाडला, आणि तसा भाव या शहरात आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. बाकी जे काही झालं ते भाव ठरल्यानंतर झालं. त्याचा सौद्याशी संबंध लावायचं कारण नाही.

आधी धंदा काय ते सांगते. हॉटेलच्या गल्ल्याजवळ किंवा मोठ्या दुकानाच्या दारात तुम्ही ती लाल मशीन पाहिली असेल. खाली लोखंडी पाय, वर पारदर्शक गोल डोकं, डोक्यात रंगीत सुट्या गोळ्या. फटीत नाणं बसवायचं, मूठ फिरवायची, कर्र कर्र आवाज होतो आणि खालच्या झडपेत चार-सहा गोळ्या येऊन पडतात. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. मशीन कुणाला उधार देत नाही आणि गिऱ्हाइकाशी भांडतही नाही. आमचे हे वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झाले, ते म्हणतात, "तुझ्या जागी मशीन उभी राहायला लागली तेव्हापासून आपलं गिऱ्हाईक वाढलं." ते म्हणोत. शाळेच्या फाटकाबाहेर पाटीवर लिमलेटच्या गोळ्या विकण्यापासून मी सुरुवात केली. तिथून शहागंजात गोळ्यांचा ठोक गाळा, आणि गाळ्यावरून मशिनी, हे सगळं भांडूनच झालेलं आहे.

मशीन विकत घेताना लोक डोकं बघतात. मी पाय बघते. पाय बिडाचा असावा. बीड जिल्ह्यातला नव्हे, बीड धातूचा. पत्र्याचा पाय असला तर पोरं मशीनला मिठी मारतात आणि मशीन पोरासकट आडवी होते. मग कुलूप. व्यापारी मोठ्या प्रेमानं सांगतो की सगळ्या मशिनींना एकच किल्ली आहे, तुमची सोय. त्याचा अर्थ असा की देशभरात त्यानं जितक्यांना मशिनी विकल्या तितक्यांच्या खिशात तुमच्या गल्ल्याची किल्ली आहे. मी वेगळी कुलपं मागते, आणि त्याचे वेगळे पैसे देत नाही.

भाव पाडायची माझी पद्धत साधी आहे. भाव शेवटी विचारायचा. आधी मालाचं भाडं कोण देणार ते ठरवायचं, कारण त्या वेळी व्यापारी बेसावध असतो. जी मशीन हवी तिच्याकडं पाठ करून उभं राहायचं. आणि राग. मी तापट आहे असं लोक म्हणतात. आहेच. पण राग म्हणजे आमच्या धंद्यातला पाना आहे, कुठं किती आवळायचा ते कळलं पाहिजे. मुंबईच्या एकानं मला एकदा "कोरी करकरीत" म्हणून मशीन पाठवली. सलीमभाईंनी ती उघडली. सलीमभाई म्हणजे सिटी चौकाजवळ कुलपं आणि तराजू दुरुस्त करणारे आमचे जुने स्नेही, माझ्या सगळ्या मशिनी त्यांच्याच हाताखालून जातात. त्यांनी चिमट्यानं आतून एक वाळलेली पिवळी गोळी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"भाभी, नयी है बोले ना वो? फिर ये मायके से खा के आयी क्या?"

ती पिवळी गोळी मी पाकिटात घालून मुंबईला पाठवली, आणि त्या मशीनच्या भावात मला दोन मशिनी मिळाल्या. हे शहागंजात कुणी सांगत नाही.

गिऱ्हाइकांच्याही तऱ्हा असतात. एका आजोबांचं म्हणणं होतं, "मागच्या बारीला सात पडल्या, आज पाचच. दोन काढून द्या." मशीन मोजत नाही, चाकाच्या खाचेत मावतील तेवढ्या पडतात, हे त्यांना पटेना. मी दोन दिल्या, तर म्हणाले, "लाल नको, हिरव्या द्या." दुसऱ्या एकानं नाण्याऐवजी लोखंडी वायसर घातला. वायसर अडकला. तर तो सरळ माझ्याकडं आला आणि म्हणाला, "बाई, माझा वायसर काढून द्या, मोटरसायकलचा हाय."

आता मुख्य गोष्ट.

वेरूळच्या रस्त्याला बाळासाहेब कदमांनी रस्त्यालगतच्या शेतात मोठं गार्डन हॉटेल काढलं. झोपाळे, कारंजं, गाड्या लावायला ऐसपैस जागा. लेण्यांना आणि घृष्णेश्वराला जाणारी माणसं तिथं थांबणारच. मी जाऊन त्यांना गळ घातली की दारापासून झोपाळ्यांपर्यंत माझ्या मशिनींची रांग लावू द्या.

"लावा की बाई," बाळासाहेब म्हणाले. "पण दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी मशिनी उभ्या पाहिजेत आन चालू पाहिजेत. पुण्याची एक पार्टी टपून बसलीय. एक दिस गेला की जागा तिची."

मी शब्द दिला. आणि पैसा उभा करायला शहागंजातला गाळा सोडला. ज्या गाळ्यानं मला विमलची विमलबाई केलं तो गाळा. शेजारचे किराणावाले मोहनशेठ म्हणाले, "बाई, बसल्या जागेवरून उठू नये." मी म्हटलं, "तुम्ही बसा." म्हणजे वेरूळची जागा गेली असती तर मला परत यायलाही जागा नव्हती. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मशिनींचा भाव मी सगळीकडं विचारला. हैदराबाद, मुंबई, राजकोट. शेवटी दिल्लीच्या एका व्यापाऱ्यावर येऊन ठेपले. त्याला बत्रा म्हणू. खरं नाव लिहिलं तर तो त्याचीही जाहिरात करील. बत्राकडं दोन जातीच्या मशिनी होत्या. पाचवाली आणि दहावाली. आत नाण्याच्या मापाची खाच असलेली एक चकती असते, पाचवालीत पाचचं नाणं बसतं, दहावालीत दहाचं. दहावालीचं डोकं मोठं, पाय जाड, भाव चढा. मला पाचवाली हवी होती.

पाचवालीवर मी भाडं त्याच्या गळ्यात घातलं, कुलपं वेगळी करून घेतली, पाय बिडाचा करून घेतला. पण भाव हलेना. रोज फोन, रोज भांडण. एके दिवशी बत्रा बोलता बोलता म्हणाला, "मैडम जी, इस भाव में तो लोग दसवाली माँगते हैं. मैं नहीं देता."

नाही देत! मला कुणी "देत नाही" म्हटलं की पुढचं ऐकू येत नाही. "क्यों नहीं देते?" इथून मी सुरू झाले. पाचवाली राहिली बाजूला. दोन दिवस आम्ही दहावालीवर झुंजलो. मी फोन आपटला, त्यानं परत केला. त्यानं आपटला, मी आमच्या ह्यांच्या फोनवरून केला. त्यानं आपल्या लेकराबाळांची नावं घेतली, मी माझ्या सोडलेल्या गाळ्याचं नाव घेतलं. अखेर तो थकला.

"ले जाओ मैडम. दसवाली, पाँचवाली के भाव में. बस ये बताओ, आपके उधर दस का सिक्का चलता है ना?"

मला वाटलं, आता हा दिलेल्या शब्दातून निसटायला बघतोय. मी गरजले, "सरकारी सिक्का है, पूरे देश में चलता है! बात मत घुमाओ!"

सौदा पक्का झाला. मी शहागंजात पेढे वाटले. मोहनशेठनी दोन खाल्ले.

माल आला. अंगणात लाल मशिनींची फौज उभी राहिली. पाय उचलता उचलत नव्हता, डोकी दिव्यासारखी चमकत होती. आमचे हे चष्मा लावून सगळ्यांभोवती फिरून आले, एका मशीनच्या फटीत बोट घालून बघितलं आणि हळूच म्हणाले, "विमल, ही तर दहाची फट. आपल्याकडं दहाचं नाणं घेतं कोण?"

परगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात कुणीतरी उठवलं की दहाचं नाणं खोटं असतं. कुणी म्हणे खऱ्यावर रेघा दहा असतात, कुणी म्हणे पंधरा. तेव्हापासून किराणावाला, भाजीवाली, रिक्षावाला, सगळ्यांचं एकच उत्तर, "नाय चालत." सरकार म्हणतं चालतं, बँक म्हणते चालतं, पण शहागंजानं अजून मान्यता दिलेली नाही. मी जन्मभर इथं धंदा केला, मीही ते नाणं कधी घेतलं नव्हतं. भावाच्या भरात ते डोक्यातून गेलं, एवढंच. भांडताना माणूस भाव बघतो, नाणं बघत नाही.

तरी खात्री करावी म्हणून मी एक दहाचं नाणं घेऊन मोहनशेठकडं गेले आणि काडेपेटी मागितली. त्यांनी मान वर न करता एका बोटानं नाणं माझ्याकडं सरकवलं.

"नाय चालत."

"शेठ, सरकारनं काढलंय ते."

"मग सरकारकडून घ्या काडेपेटी."

तेवढ्यात त्यांना माझ्या मशिनी आठवल्या असाव्यात. त्यांनी मान वर केली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांच्या पोटात हसू सुरू झालेलं मला वरून दिसलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या बाजारात पोचली होती.

मी बत्राला फोन लावला. म्हटलं, चकत्या बदलून द्या. तो मधाळ आवाजात म्हणाला, "मैडम, आपने ही तो कहा था, सरकारी सिक्का है, पूरे देश में चलता है." चकत्या मिळतील म्हणाला, पण दिवाळीनंतर, आणि त्यांचा भाव त्यानं जो सांगितला तो ऐकून मी पहिल्यांदाच फोन न आपटता खाली ठेवला.

सलीमभाईंनी एक मशीन खोलून बघितली. दहाच्या खाचेत पाचचं नाणं ठेवलं, मूठ फिरवली. नाणं गल्ल्यात पडलं, गोळी आली नाही.

"भाभी, छोटी खाच बड़ी करना आसान. बड़ी को छोटी कैसे करूँ? हरेक में पट्टी बिठानी पड़ती. ईद तक देतूँ."

"सलीमभाई, माझी दिवाळी परवा हाय."

"फिर नक्को," ते म्हणाले आणि स्क्रू परत बसवायला लागले.

त्या दिवशी मी जेवले नाही. कदमांना काय सांगावं ते सुचेना. आमच्या ह्यांनी मशीन नीट चालते का ते बघायला म्हणून देवघरातला डबा आणला आणि उपडा केला. त्यातून दहाची नाणी घरंगळली. खूप होती. बाहेरगावी गेलं की कंडक्टर देतो, हॉटेलवाला देतो, आणि इथं आलं की ती चालत नाहीत. म्हणून माणूस ती देवापुढं टाकतो. देव नाही म्हणत नाही.

आमचे हे एकेक नाणं घालून मूठ फिरवत होते, आणि गोळी तोंडात टाकून म्हणाले, "चला, एवढी तरी खपली."

मी ताडकन उठले. आमच्या घरात डबा आहे, म्हणजे घरोघरी डबा आहे! साऱ्या जिल्ह्यात दहाची नाणी कपाटांत, देव्हाऱ्यांत, पिठाच्या डब्यांत तोंड लपवून पडली आहेत. त्यांना जायला जागा नाही. आमचे हे आता सांगतात की कल्पना त्यांची. ते फक्त गोळी खात होते.

सकाळी मी पेंटरला धरलं आणि लाल रंगात हात हात उंचीची अक्षरं काढून घेतली: "इथं दहाचं नाणं चालतं!" एक फलक दारात, एक रस्त्यावर. बाळासाहेबांनी मान तिरकी करून वाचलं.

"बाई, हे माझ्या हॉटेलाच्या नावापेक्षा मोठं झालंय."

"हॉटेलाचं नाव वाचून कोण थांबतंय, बाळासाहेब?"

सुट्टीचा पहिला दिवस उजाडला. मशिनींची रांग उभी. पोरं यायची, पाचचं नाणं काढायची, फलक वाचायची आणि आईबापांचे खिसे चाचपायची. कुणाकडं दहाचं नाणं नव्हतं, कारण ते घेऊन घराबाहेर पडतोच कोण? बाळासाहेब गल्ल्यावर बसून फोन हातात फिरवत होते. पुण्याची पार्टी त्या फोनमध्ये होती हे मला कळत होतं. जेवणाची वेळ झाली तरी एकही मूठ फिरली नव्हती. "बाई, उद्याच्याला काय करायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजचा दिवस आजून संपला नाय."

मग खुलताबादकडून एक म्हातारे धोतरवाले मोटरसायकलवर मागं बसून आले. सकाळी इकडून जाताना त्यांनी फलक वाचला होता आणि घरून डबा आणायला परत गेले होते.

"हितं दहाचं नाणं चालतंय म्हनं?"

"चालतं बाबा."

"खरं चालतं? माघारी नाय ना देनार?"

ते मशीनसमोर मांडी घालून बसले आणि मूठ फिरवायला लागले. गोळ्या पडत राहिल्या, त्यांच्या उपरण्याची झोळी भरली. मध्येच थांबून मला म्हणाले, "बाई, गोळ्या ऱ्हाऊ द्या. नुसती नानी घेता का?" मी म्हटलं, "नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील." त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि परत मूठ धरली. त्यांच्याभोवती पोरांचं रिंगण जमलं, बाबा ओंजळी वाटायला लागले. लोकांनी फोनवर त्यांचं चित्र काढलं, आणि ते चित्र आमच्या आधी गावात पोचलं.

दुसऱ्या दिवशी माणसं डबे घेऊन आली. पिशव्या, मोजे, लहान मुलांचे मातीचे गल्ले. एक बाई नवऱ्याला सांगत होती, "तुमच्या मायच्या डब्यातली पण आणा, त्यांना काय करायचीत?" मूठ फिरवायला रांगा लागल्या. गोळ्या संपल्या तेव्हा मी बडीशेपेच्या गोळ्या भरल्या, त्या संपल्या तेव्हा साखरफुटाणे. लोकांचं लक्ष काय पडतंय त्याकडं नव्हतंच. काय जातंय याकडं होतं. नाणं आत पडल्याचा आवाज आला की चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते गोळीनं येत नाही.

भाऊबीजेला एक गृहस्थ तोंडाला रुमाल बांधून आले. खांद्यावर जड पिशवी. शेवटच्या मशीनपाशी, सगळ्यांकडं पाठ करून उभे राहिले. मी पाठ ओळखली. मी त्या पाठीशेजारी गाळा चालवलाय.

"या मोहनशेठ. काडेपेटी पाहिजे होती का?"

त्यांनी रुमाल खाली ओढला. "ह्या... नातवासाठी आणली होती बाई."

"नातू कुठंय?"

"घरी," ते म्हणाले आणि मूठ फिरवत राहिले.

बाळासाहेबांनी पुण्याच्या पार्टीला नाही कळवलं. माझी जागा पक्की झाली, आणि त्यांनी झोपाळ्यांच्या पलीकडं आणखी रांग लावा म्हटलं. आता मला आणखी मशिनी हव्या होत्या आणि माझ्याकडं पोत्यानं नाणी होती. बँकेत घेऊन गेले तर खिडकीतल्या साहेबांनी पोतं बघितलं, मला बघितलं, आणि त्यांना अचानक जेवणाची आठवण झाली. बँक घेते, नाही असं नाही. पण थोडी थोडी आणा म्हणते.

बत्रापर्यंत बातमी गेली होती. तो घृष्णेश्वराच्या दर्शनाला म्हणून सहकुटुंब आला आणि दर्शनाच्या आधी माझ्याकडं आला. बाळासाहेबांच्या झोपाळ्यावर बसून सगळ्यांना सांगायला लागला, "मैंने ही मैडम को बोला था, दसवाली लो." मी दात आवळून चहा पीत होते. मग म्हणाला, "पर मैडम, अबकी बार दसवाली, दसवाली के ही भाव में. एक पैसा कम नहीं."

"ठीक है," मी म्हटलं.

तो झोका थांबवून माझ्याकडं बघायला लागला. आमच्या ह्यांनी घाबरून माझ्या कपाळाला हात लावला.

"भाव मंज़ूर. पैसा अभी देती हूँ." आणि मी सलीमभाईंना खूण केली. सलीमभाई टेम्पोतून पहिलं पोतं ओढत घेऊन आले आणि बत्राच्या पायाशी ठेवलं. तोंड सोडलं. दुसरं आणायला वळले.

बत्रा पोत्यात बघतच राहिला. "मैडम... ये मैं दिल्ली कैसे ले जाऊँ?"

"सरकारी सिक्का है," मी म्हटलं. "पूरे देश में चलता है."

सलीमभाईंनी दुसरं पोतं ठेवलं. मिसेस बत्रा पंजाबीत काहीतरी बोलल्या. ते मला कळलं नाही, पण बत्राला चांगलंच कळलं.

"मैडम, थोड़ा कम दे दो. पर नोट में दो."

जन्मभर मी लोकांचे भाव पाडले. समोरचा स्वतःच्या तोंडानं स्वतःचा भाव पाडतोय आणि मी झोपाळ्यावर बसून "परवडत नाही" म्हणतेय, हे सुख मला त्या दिवशी मिळालं. तिसरं पोतं उतरेपर्यंत तो पाचवालीच्या भावावर आला. बँकेतून थोड्या थोड्या करून साठवलेल्या नोटा मी दिल्या. पोती परत टेम्पोत चढली. सलीमभाईंनी मला नंतर विचारलं, "भाभी, चौथा पोता खाली था, वो कायकू रखवाया था?" मी म्हटलं, वेळ पडली असती तर फुगवून दाखवायला.

एवढं होऊनही शहागंजात गोष्ट तीच सांगतात, पेढ्यांपासून काडेपेटीपर्यंत. तिथून पुढं सांगायला कुणाला वेळ नसतो. बत्रा दिल्लीत सांगतो की कल्पना त्याची, आमचे हे पाहुण्यांना सांगतात की कल्पना त्यांची, आणि दोघंही त्याच दमात सांगतात की विमल फसली होती. एक काहीतरी ठरवा म्हणावं.

परवा मोहनशेठकडं साखर घ्यायला गेले. त्यांनी हसत हसत सुटे पैसे मोजले आणि वर दहाचं एक चकचकीत नाणं ठेवलं.

"घ्या बाई. तुमच्याकडं तर चालतं."

मी मान वर न करता एका बोटानं ते नाणं त्यांच्याकडं परत सरकवलं.

"नाय चालत."